नाल्यातले, नदीतले औषधाला दाद न देणारे जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीवर काम करणारे गट, सोसायट्यांचे पदाधिकारी, छोट्या दवाखान्यांचे डॉक्टर आणि मायक्रोबायॉलॉजीचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अँटिबायोटिक जास्त घेतल्या की शरीराला सवय होते म्हणतात. मग यात नाल्याचा काय संबंध?

सवय शरीराला होत नाही. बदलतो तो जिवाणू. काही जिवाणू औषध तोडणारं एन्झाइम बनवतात, काही औषध पंपासारखं बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतात. औषध सुरू असताना साधे जिवाणू मरतात आणि असे जिवाणू मागे उरून वाढतात.

यातली बरीच जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात. ही कडी शेजारच्या जिवाणूला देता येते, तो वेगळ्या जातीचा असला तरी. म्हणून पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडचं जनुक न्यूमोनिया करणाऱ्या क्लेब्सिएलाकडे जाऊ शकतं. पोटातलं सगळं शेवटी शौचावाटे बाहेर पडतं आणि सांडपाण्याला मिळतं. नाल्याचा संबंध तो इतकाच, पण तेवढाही पुरेसा आहे.

२. बातम्यांत ईएसबीएल, एनडीएम, एमसीआर असं काय काय येतं. यातलं जास्त वाईट कोणतं?

ईएसबीएल ही सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी औषधं तोडणारी एन्झाइम्स. आपल्याकडे निरोगी माणसांच्या पोटातही ती असलेले जिवाणू सर्रास सापडतात. एनडीएम त्यापुढचं: ते मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटाची औषधं निकामी करतं, जी दवाखान्यात इतर औषधं चालेनाशी झाली की वापरतात. एमसीआर जनुकामुळे कोलिस्टिन चालत नाही. कोलिस्टिन हे अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. पाण्यात ईएसबीएल सापडणं म्हणजे मैलापाणी मिसळलं आहे एवढंच समजावं. एनडीएम किंवा एमसीआर सापडलं तर अधिक गांभीर्याने घ्यावं.

३. नदीत औषधांचे अंश असतात म्हणून हे जिवाणू तिथे तयार होतात, की आधीच तयार होऊन येतात?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बहुतेक वादावादी होते ती हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिला प्रकार: जिवाणू माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात तयार होतो आणि मैल्याबरोबर नदीत येतो. नदी त्याला फक्त वाहून नेते. दुसरा प्रकार: पाण्यातच औषधाची मात्रा इतकी असते की तिथल्या तिथे दाद न देणारेच जगतात, वाढतात.

कुठे कोणता प्रकार आहे हे ओळखायला क्रॅसफाज नावाचा एक विषाणू कामी येतो. तो माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर जगतो, त्यामुळे तो जितका जास्त, तितका माणसाचा मैला जास्त. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक ठिकाणच्या पाण्यात आणि गाळात क्रॅसफाज व प्रतिरोधक (म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण देणारी) जनुकं एकमेकांशेजारी मांडून पाहिली. बहुतेक ठिकाणी जनुकांचं प्रमाण मैल्याच्या प्रमाणाबरोबरच चढत-उतरत होतं. ठळक अपवाद होता औषध कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या गाळाचा.

त्या अपवादाचं आपल्याकडचं उदाहरण हैदराबादजवळचं पाटणचेरू. तिथल्या अनेक औषध कारखान्यांच्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. सिप्रोची गोळी घेतल्यावर रक्तात चढणाऱ्या पातळीहून हे कितीतरी जास्त आहे. प्रतिरोधक जिवाणूंना फायदा मिळू नये म्हणून सिप्रोची सुचवलेली सुरक्षित पातळी लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. यावरून अंतराचा अंदाज यावा.

म्हणून उपाय ठरवण्याआधी कोणता प्रकार आहे ते ठरवा. गावाच्या नाल्यासाठी संडास, गटार आणि चालू असलेला मैलाशुद्धीकरण प्रकल्प हाच उपाय. कारखान्याच्या नाल्यासाठी औषध पाण्यात मिसळण्याआधीच कारखान्यात अडवणं हा उपाय. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

४. पुण्याच्या मुठा नदीत नक्की काय सापडलं?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला नदीतळाचा गाळ तपासला होता. शहरातल्या गाळात प्रतिरोधक जनुकांचं प्रमाण वरच्या अंगापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त निघालं. एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ओएक्सए-४८ आणि आयएमपी ही कार्बापेनेम तोडणारी सगळी नावाजलेली कुटुंबं त्यात हजर होती.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मुठेचा दोष पाटणचेरूसारखा औषधनिर्मितीचा नाही. तो शहराच्या प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याचा आहे, म्हणजे प्रश्न ३ मधला पहिला प्रकार. आणि संगमावर मुळेला मिळालेलं हे पाणी पुढे भीमेत आणि उजनीत जातं.

५. दिल्लीच्या नळाच्या पाण्यात एनडीएम सापडलं होतं, ही अफवा होती का?

अफवा नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीतल्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, तर रस्त्यावर, डबक्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांमध्ये एनडीएम-१ जनुक सापडलं. तेव्हा मोठा गदारोळ झाला तो मुख्यतः नावावरून, कारण एनडीएम मधली पहिली दोन अक्षरं 'न्यू देल्ही'ची आहेत. त्या गोंधळात आकडे बाजूला पडले. नळातले दोन नमुने हे गटार आणि जलवाहिनी शेजारून जाण्याचं लक्षण. पाणी ठरावीक तासच सोडलं की उरलेल्या वेळात वाहिनीतला दाब पडतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं.

६. मैलाशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी गेलं की हे जिवाणू मरतात ना?

बरेचसे जातात, सगळे नाही. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमध्ये दहा लाख ते एक कोटी ई. कोलाय असतात. नीट चालणारा अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज (हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववणारा) प्रकल्प त्यातले ९० ते ९९ टक्के, कधी त्याहून जास्त कमी करतो. ९९ टक्के ऐकायला छान वाटतं, पण एक कोटीतले एक लाख तरीही उरतात. शिवाय उरलेल्यांत दाद न देणाऱ्यांचं प्रमाण साधारण आधीइतकंच राहतं. प्रकल्प त्यांना वेगळं ओळखून मारत नाही, तो सरसकट सगळ्यांनाच कमी करतो.

जे 'जातात' तेही सगळे मरत नाहीत. बरेच गाळात बसतात (गाळाबद्दल प्रश्न १३).

तरीही प्रकल्प असण्या-नसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३५ दशलक्ष लिटरवर. शंभरातल्या बहात्तर लिटरना ९९ टक्के सोडा, शून्य टक्के मिळतं. ओझोन, मेम्ब्रेन वगैरेंची चर्चा करण्याआधी हा हिशेब मांडावा, असं आमचं मत आहे.

७. शेवटी क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरण) दिलं की प्रश्न मिटला?

अँटिबायोटिकला दाद न देणारा जिवाणू क्लोरीनला सहसा दाद देतो, त्यामुळे क्लोरिनेशन उपयोगी आहेच. फसतं ते दोन ठिकाणी.

एक, अमोनिया. प्रक्रिया अर्धवट झालेल्या पाण्यात अमोनिया उरतो आणि घातलेलं क्लोरीन तो आधी खातो. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनला संपवायला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उरला असेल तर ८० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, आणि तेवढं कोणी घालत नाही. मग पाण्यात असतो तो क्लोरॅमाइन, जो फार सावकाश काम करतो. ओटीचा (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचा) थेंब टाकल्यावर पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत आला तर क्लोरीन मुक्त आहे. सावकाश चढला तर तो क्लोरॅमाइन समजा.

दोन, जनुक. पेशी मेली तरी तिचा डीएनए नेहमीच्या मात्रेत पुरता तुटत नाही आणि दुसरा जिवाणू तो उचलू शकतो. यूव्हीचंही तेच: ३० ते ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मात्रेत जिवाणू मरतात, जनुक मोडायला त्याच्या अनेक पट मात्रा लागते. प्रत्यक्षात यूव्ही फसतो तो याहून साध्या कारणाने. दिव्यावरच्या काचेच्या नळीवर थर चढतो आणि ती महिनोन् महिने कोणी पुसत नाही.

८. आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं (मैलाशुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी फ्लशला आणि बागेला वापरतो. धोका आहे का? काय तपासायचं?

पाणी पिण्यात जात नसलं तरी तुषार उडतात आणि मुलं बागेत खेळतात. दर आठवड्याला एवढं बघा:

हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या मापात घ्या आणि ३० मिनिटं हलवू नका. खाली बसलेला गाळ २५० ते ३५० मिलिलिटर आणि वरचं पाणी निवळ असेल तर जिवाणूंची तब्येत बरी आहे. गाळ शंभराच्या आत असेल तर टाकीत काम करणारे जिवाणूच पुरेसे नाहीत. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवण्याची पद्धत फार सोसायट्यांत आहे. सकाळी टाकीला सडका वास आला तर दुसरं कारण शोधू नका.

हायपोचा (क्लोरीन देणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा) हिशेब असा. रोज ५० हजार लिटर पाणी आणि मात्रा लिटरमागे ५ मिलिग्रॅम धरली तर रोज २५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचा हायपो अडीच लिटर. उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांतच निम्म्यावर येतो, मग त्याच कामाला पाच लिटर लागतात. ऑपरेटर मात्र जुन्याच मापाने ओतत राहतो. कॅन सावलीत ठेवा, त्यावर आल्याची तारीख लिहा. क्लोरीन घातल्यानंतर पाणी किमान ३० मिनिटं टाकीत थांबलं पाहिजे आणि फ्लशच्या टाकीत पोचेपर्यंत थोडं क्लोरीन उरलं पाहिजे.

बागेत फवाऱ्याऐवजी ठिबक लावा किंवा मुळाशी पाणी सोडा. फ्लशची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन कुठेही जोडलेली नाही, हे प्लंबरच्या प्रत्येक कामानंतर तपासा. सगळ्यात मोठी दुर्घटना तिथेच होते.

९. पिण्याचं पाणी उकळलं किंवा क्लोरीन टाकलं तर हे जिवाणू मरतात का? की हे 'सुपरबग' वाचतात?

मरतात. औषधाला दाद न देणं म्हणजे उष्णतेला दाद न देणं नव्हे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.

विहिरीला किंवा टाकीला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालायचं तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याच्या १००० लिटरमागे चांगली पावडर सुमारे अडीच ग्रॅम. ती बादलीत कालवून निवळी तेवढी टाका, चोथा टाकू नका. एक तासाने ओटी तपासा. उरलेलं क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम हवं. गढूळ पाण्यात मात्रा दुप्पट करूनही भागेलच असं नाही, आधी निवळू द्या. उघड्या पोत्यातली ओलसर पावडर बहुधा मेलेली असते. आरओ किंवा यूएफ जिवाणू अडवतात, पण पुढच्या साठवण टाकीत ते पुन्हा वाढू शकतात. टाकी उघडून धुण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

१०. पुण्यातली जीबीएसची साथ याचाच भाग होती का?

नाही. २०२५ च्या सुरुवातीच्या त्या साथीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जीबीएस हा अशा संसर्गानंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच नसांवर केलेला हल्ला असतो. त्यात औषधाला दाद देणं-न देणं हा मुद्दा नसतो. वाट मात्र तीच: दूषित पाणी किंवा अन्न. त्यामुळे खबरदारीही प्रश्न ९ मधलीच.

११. सिंहस्थात रामकुंडावर किंवा पंढरपुरात चंद्रभागेत स्नान केलं तर हे जिवाणू अंगात जातील?

कातडी शाबूत असेल तर नुसत्या स्नानाने सहसा नाही. ते जातात पाणी गिळल्याने आणि उघड्या जखमेतून. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या १४३ जणांपैकी ९ टक्क्यांच्या पोटात सेफोटॅक्सिमला दाद न देणारे ई. कोलाय सापडले, तर पाण्यात न उतरणाऱ्या १३० जणांत ३ टक्के. सर्फिंग करणारे पाणी गिळतात, हा फरक त्याचा.

गर्दीचा परिणाम गंगेवर मोजलेला आहे. ऋषिकेश-हरिद्वार भागात यात्रेच्या हंगामात, मे-जूनमध्ये, पाण्यातलं एनडीएम-१ जनुक फेब्रुवारीच्या तुलनेत सुमारे २० पट होतं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. नदी तीच, फरक माणसांच्या संख्येचा आणि संडासांच्या सोयीचा. २०२७ च्या नाशिक सिंहस्थाचं नियोजन करणाऱ्यांनी घाटाइतकंच लक्ष तात्पुरत्या संडासांच्या टाक्या कुठे रिकाम्या होतात याकडे द्यावं.

भाविकांसाठी: डुबकी घ्या, पण तोंड मिटून. आचमनाला घरून आणलेलं पाणी वापरा. पायाला भेग किंवा जखम असेल तर पाण्यात उतरू नका. कॅथेटर असलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, केमोथेरपी सुरू असलेले आणि तान्ही बाळं यांच्यावर काठावरूनच चार थेंब शिंपडावेत. बाटलीत भरून आणलेलं तीर्थ देवघरात ठेवा, पिऊ नका.

१२. नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली कोथिंबीर-पालक खायची की नाही?

शिजवून खायला हरकत नाही, शिजवल्यावर हे जिवाणू उरत नाहीत. अडचण कच्च्या खाण्याची आहे: वरून भुरभुरलेली कोथिंबीर, पुदिन्याची चटणी, मुळा, कांद्याची पात. धुतल्याने साधारण दहातले नऊ जातात, सगळे नाही. वाहत्या पाण्यात सुट्या काड्या करून धुवा, जुडी तशीच बुडवून काढण्यात अर्थ नाही. गाजर, काकडी सोलून घ्या.

शेतकऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. पाटाने किंवा फवाऱ्याने न देता ठिबकने पाणी द्यावं, म्हणजे ते पानावर येत नाही. आणि काढणीच्या काही दिवस आधी ते पाणी बंद करावं. उन्हाने आणि कोरडेपणाने पानावरचे जिवाणू रोज झपाट्याने मरतात. पालेभाजीला शेवटच्या दिवसांत पाणी तोडणं परवडत नाही हे खरं. तेवढ्यापुरतं विहिरीचं पाणी मिळालं तर उत्तम.

१३. कोंबडीखत, शेणखत आणि एसटीपीचा गाळ शेतात घालावा का?

ताजा घालू नये. जनावराला दिलेलं औषध बऱ्याच अंशी मल-मूत्रातून तसंच बाहेर येतं. टेट्रासायक्लिन मातीला आणि गाळाला चिकटून राहतं. कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात वापरायला भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे, पण इतर बरीच औषधं चालूच आहेत.

ढीग खरोखर तापला तरच उपयोग. उघड्या लांबट ढिगासाठी चालणारं माप असं: आतलं तापमान किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ, कारण बाहेरचा थर कधीच तापत नाही. तो आत गेल्याशिवाय त्यातले जिवाणू मरत नाहीत. कोंबडीखतात नत्र फार असतं, त्यामुळे ते नुसतं रचलं तर अमोनिया उडतो. त्यात उसाचं पाचट किंवा भुसा मिसळून कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० वर आणा. ओलावा ५० ते ६० टक्के: मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पण धार लागू नये. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. हात लावून 'गरम आहे' म्हणणं म्हणजे ४५ अंशही असू शकतात, आणि तेवढ्यात हे जिवाणू मजेत राहतात.

एवढं करूनही काही जनुकं, विशेषतः सल्फाच्या औषधांना विरोध करणारं सल-१, बऱ्याचदा उरतात. म्हणून कच्च्या खाण्याच्या भाज्यांना असं खत नको, ऊस किंवा फळबागेला चालेल.

१४. माझा दहा खाटांचा दवाखाना आहे. सांडपाणी सरळ गटारात जातं. काय करायला हवं?

शहराच्या एकूण मैलापाण्यात दवाखान्यांचा वाटा थोडा असतो, पण कार्बापेनेमला दाद न देणारे जिवाणू तिथे दाट असतात. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ मध्ये बाहेर सोडायच्या पाण्याची मापं दिली आहेत: बीओडी ३०, सीओडी २५० (ही दोन्ही पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं), तरंगते घन १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. प्रतिरोधक जिवाणूंचं माप त्यात नाही. म्हणजे कागदावर पास झालेलं पाणीही ते घेऊन बाहेर पडू शकतं.

प्रयोगशाळेतलं द्रव १ ते २ टक्के हायपोमध्ये आधी निर्जंतुक करा, मगच सोडा. मुदत संपलेली अँटिबायोटिक पिवळ्या पिशवीत जातात, बेसिनमध्ये नाही.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते आयसीयूतलं हात धुण्याचं बेसिन. सिस्टर सलाइनच्या बाटलीत उरलेलं डेक्स्ट्रोज, अँटिबायोटिकचं उरलेलं इंजेक्शन, रुग्णाचा उरलेला चहा तिथेच ओतते. खालच्या वळणदार पाइपात कायम पाणी साचलेलं असतं. त्याच्या आतल्या चिकट थराला साखरही मिळते आणि औषधाचा डोसही. मग नळ सोडल्यावर जाळीवरून उडणारे थेंब मीटरभर अंतरापर्यंत जातात. उपाय स्वस्त आहेत: हात धुण्याचं आणि ओतण्याचं बेसिन वेगळं ठेवा, नळाची धार थेट जाळीवर पडणार नाही अशी फिरवून घ्या, औषधाचा ट्रे बेसिनपासून किमान एक मीटर दूर ठेवा. नुसता हायपो ओतल्याने तो थर जात नाही, थोड्याच दिवसांत परत येतो.

१५. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कमोडमध्ये टाकाव्यात का?

नको. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनात फ्लश करायच्या १७ औषधांची यादी आहे. ती मुख्यतः गैरवापर झाल्यास जिवावर बेतणाऱ्या वेदनाशामकांची आहे, तीत अँटिबायोटिक नाहीत. घनकचरा नियमांनुसार मुदत संपलेली औषधं हा वेगळा ठेवायचा कचरा आहे. तो वेगळा बांधून द्या, सिरपही बेसिनमध्ये ओतू नका. केरळने घरोघरची उरलेली औषधं गोळा करण्याची योजना सुरू केली आहे.

पण प्रमाण ओळखा. उरलेल्या चार गोळ्यांपेक्षा घेतलेल्या गोळ्यांतून जास्त औषध गटारात जातं. अ‍ॅमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग लघवीतून तसाच बाहेर पडतो. त्यामुळे खरी बचत आहे ती नको असताना न घेण्यात. पट्टीवर उभी लाल रेष असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

१६. फिनेल, अँटिबॅक्टेरियल लिक्विड यांनीही प्रतिरोध वाढतो का?

काही प्रमाणात. अशा द्रवांतल्या क्वाटर्नरी अमोनियम संयुगांना विरोध करणारं जनुक अनेकदा सल-१ च्या शेजारीच, डीएनएच्या एकाच तुकड्यावर असतं. एकाला वाव मिळाला की दुसरंही सोबत टिकतं. तांबं, जस्त यांचंही असंच. घरच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं.

१७. कॉलेजच्या प्रकल्पासाठी नदीतले ईएसबीएल ई. कोलाय मोजायचे आहेत. सोपी, मान्य पद्धत कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची 'ट्रायसायकल' पद्धत. तत्त्व सोपं आहे: टीबीएक्स आगरच्या (ई. कोलायच्या वसाहतींना निळा-हिरवा रंग देणाऱ्या माध्यमाच्या) दोन प्लेटा, एक साधी आणि एक लिटरमागे ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम घातलेली. दोन्हींवरच्या निळ्या-हिरव्या वसाहती मोजायच्या आणि गुणोत्तर काढायचं.

नमुना: निर्जंतुक बाटली, पाण्याच्या पृष्ठभागाखालून, शहराच्या वर आणि खाली दोन्हीकडे. क्लोरीन दिलेलं पाणी असेल तर १२० मिलिलिटरच्या बाटलीत आधी १० टक्के सोडियम थायोसल्फेट ०.१ मिलिलिटर घाला, नाहीतर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारत राहतं. बर्फात ठेवा, शक्यतो सहा तासांत लावा.

सेफोटॅक्सिम: मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅमचं द्रावण गाळून निर्जंतुक करा, लिटरभर आगरमध्ये ०.४ मिलिलिटर घाला. आगर ५० अंशांखाली आल्यावरच. गरम असताना घातलं तर औषध मोडतं, प्लेटवर सगळंच उगवतं आणि १०० टक्के ईएसबीएल असा खळबळजनक निकाल हाती येतो. म्हणून प्रत्येक वेळी दोन ज्ञात वाण लावा: एक औषधाला दाद देणारं, जे उगवता कामा नये, आणि एक न देणारं, जे उगवलंच पाहिजे.

विरलीकरण: कच्च्या मैलापाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये लाखभर ई. कोलाय असू शकतात. साध्या प्लेटसाठी एक हजारांश मिलिलिटरपर्यंत खाली या, सेफोटॅक्सिमच्या प्लेटसाठी एक-दोन टप्पे कमी विरळ ठेवा. संशयित वसाहती दोन डिस्कनी पक्क्या करा: सेफोटॅक्सिम एकटं आणि सेफोटॅक्सिमसोबत क्लॅव्युलॅनिक आम्ल. दुसऱ्या डिस्कभोवतीचं वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं निघालं तर ईएसबीएल. काम संपल्यावर प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका. नाहीतर नदीतून आणलेले जिवाणू निवडून, वाढवून पुन्हा कचऱ्यात जातात.

१८. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याचा भारतात कायदा आहे का?

पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये १२१ अँटिबायोटिकच्या मर्यादा असलेला मसुदा काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक उत्पादनातल्या सांडपाण्यासाठी पहिलं मार्गदर्शन दिलं, पण ते बंधनकारक नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशात मोठ्या शहरांच्या मैलापाण्यात प्रतिरोधाची नियमित तपासणी आहे. आपल्याकडे तक्रार करायची तर सध्या सीओडी, विषारीपणा आणि परवानगीतल्या अटींवरच बोट ठेवावं लागतं.

१९. मुलीकडे परदेशी गेले तेव्हा तिथल्या दवाखान्याने 'भारतात अ‍ॅडमिट होता का' विचारून वेगळ्या खोलीत ठेवलं. हा भेदभाव नाही का?

ही संसर्ग-नियंत्रणाची नेहमीची पद्धत आहे, ती पासपोर्ट नाही तर प्रवास आणि दवाखान्यातला मुक्काम बघते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात दक्षिण आशियात जाऊन आलेल्या प्रवाशांपैकी ७५ टक्के ईएसबीएल जिवाणू पोटात घेऊन परतले. ते डच प्रवासीच होते. बहुतेकांच्या पोटातून ते महिना-दोन महिन्यांत गेले, काहींच्यात वर्षानंतरही होते. पोटात असणं म्हणजे आजार नव्हे, उपचारही लागत नाही. चाचणी गुदद्वाराच्या स्वॅबची असते. निकाल नकारात्मक आला की साधारणपणे वेगळं ठेवणं थांबतं. भारतातल्या दवाखान्याची फाइल, विशेषतः कल्चर रिपोर्ट, सोबत न्या.

२०. गावच्या विहिरीच्या अहवालात 'एनडीएम जनुक आढळलं' आलंय. विहीर बंद करायची का?

लगेच नाही. हा अहवाल पीसीआरचा (डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा) आहे की कल्चरचा (जिवाणू वाढवून पाहण्याचा), ते आधी विचारा. पीसीआर मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पकडतो (प्रश्न ७), त्यामुळे जिवंत जिवाणू आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. दुसरं, त्याच नमुन्यात ई. कोलाय किती? १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय पिण्याच्या पाण्यात चालत नाही. ते असतील तर जनुक असो-नसो, पाणी पिण्यालायक नाही. तिसरं, कोऱ्या नमुन्याचा (पडताळणीसाठी सोबत लावलेल्या स्वच्छ पाण्याचा) निकाल काय? तोही सकारात्मक असेल तर दोष प्रयोगशाळेतल्या दूषणाचा.

ई. कोलाय असतील तर विहिरीभोवती बघा: शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी किती अंतरावर आहे, ती चढाच्या बाजूला आहे का, कठड्याला आणि सिमेंटच्या ओट्याला तडे आहेत का, पावसाचं पाणी आत शिरतं का. दुरुस्ती करा, प्रश्न ९ प्रमाणे टीसीएल द्या. पुन्हा तपासणीचा नमुना उरलेलं क्लोरीन संपल्यानंतर, साधारण आठवड्याने घ्या. टीसीएल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना स्वच्छच येतो, कारण तेव्हा विहीर नव्हे, क्लोरीन तपासलं जातं.